जुन्या थ्री-नॉट-थ्रीवरची तार, स्क्रू आणि भोकं : खरवडून टाकण्याआधी वाचा

चेंदणीकर (धागाकर्ता)

ठाण्यातल्या एका शाळेच्या एनसीसी खोलीत चार जुन्या डीपी रायफली आहेत. डीपी म्हणजे ड्रिल पर्पज, फक्त कवायतीच्या. शाळेचा अमृतमहोत्सव जवळ आलाय आणि बटालियनच्या परवानगीने त्या काचेच्या कपाटात मांडायचं ठरलंय. कल्पना उत्तम आहे. पण त्याआधी एकीवर गुंडाळलेली तार काढायची, लाकूड पॉलिश पेपरने घासायचं, पांढरे पट्टे खरवडायचे, भोकं एम-सीलने बुजवायची आणि वर चकचकीत वार्निश मारायचं असंही ठरलंय. चारही एकसारख्या दिसायला हव्यात म्हणून. हा धागा ते थांबवण्यासाठी आहे.

चारही रायफली एसएमएलई, म्हणजे शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड, नंबर १ मार्क ३ च्या घराण्यातल्या. बोअर, म्हणजे नळीचं माप, .३०३ इंच, म्हणून थ्री-नॉट-थ्री. बोल्ट हाताने मागे-पुढे करायचा, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. मार्क ३ आला १९०७ मध्ये. पहिल्या महायुद्धात कारखान्यांवर ताण आला तेव्हा काही भाग गाळून १९१६ मध्ये मार्क ३ स्टार मंजूर झाला. आपल्याकडे त्या बंगालमध्ये हुगळीकाठी ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनत. बॉडीच्या (बोल्ट ज्यात सरकतो तो लोखंडी सांगाडा) उजव्या बाजूला मुकुट, खाली जीआरआय ही अक्षरं आणि वर्ष असेल तर ती इंग्रजी राज्यातली. स्वातंत्र्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. आमच्या चारांत दोन्ही प्रकार आहेत.

आता फेरफार बघा. पहिलीवर बॅकसाइटच्या (नेम धरायचं मागचं साधन) पुढून थेट तोंडाजवळच्या नोजकॅपपर्यंत तार गुंडाळलीय. वेढे एकमेकांना इतके चिकटून आहेत की मधे नख जात नाही, आणि ठरावीक अंतरावर कथलाचे डाग दिलेत. ही रायफल हातबॉम्ब फेकण्यासाठी वेगळी काढलेली होती.

दुसरीच्या लाकडात, मॅगझिनच्या जरा पुढे, एक स्क्रू आडवा आरपार गेलाय. जगभरचे अभ्यासक त्याला ईशापूर स्क्रू म्हणूनच ओळखतात. इंग्लंडमध्ये बनलेल्या रायफलीला हा जन्मतः नसतो. तो दिसला की रायफल भारतीय हातांखालून गेलीय हे समजायचं.

तिसरीच्या डाव्या अंगाला लाकडात वेगळ्या रंगाचा एक तुकडा बसवलाय. तिथे पूर्वी व्हॉली साइट होती. अख्ख्या तुकडीने दोन हजार यार्डांच्याही पलीकडे गोळ्यांचा पाऊस पाडायचा, त्यासाठीची तबकडी. खंदकांच्या लढाईत तिचा उपयोग उरला नाही, म्हणून मार्क ३ स्टारमध्ये ती गेली. जुन्या रायफली दुरुस्तीला आल्या की तबकडी काढत आणि खड्ड्यात लाकूड भरत. त्या तुकड्याचे रेषे मूळ लाकडाच्या रेषांना समांतर बसवलेत. कुणा कारागिराने तेवढी काळजी घेतली, आणि आपण ती पॉलिश पेपरने पुसणार!

चौथीच्या चेंबरला (काडतूस बसतं ती जागा) आडवं भोक आहे, बोल्टमधली फायरिंग पिन काढलेली, पिनचं तोंड वेल्डिंगने बुजवलेलं, बटवर पांढरा पट्टा. ही भोकं आणि पट्टे असतात म्हणून पोरांच्या हातात रायफल देता येते.

यातली कुठलीच गोष्ट "खराबी" नाही. ज्या माणसांनी ही हत्यारं वापरली त्यांनी लिहून ठेवलेलं फारसं काही उरलेलं नाही. जे उरलंय ते इथे आहे, लाकडात आणि लोखंडात. ज्यांनी अशा रायफली हाताळल्यात, बघितल्यात, त्यांनी कृपया लिहा. मला हा सगळा धागा छापून शाळेच्या समितीपुढे ठेवायचाय.

कोत_हवालदार

सैन्याच्या ईएमई या दुरुस्ती शाखेतून आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, म्हणून निवृत्त, मुक्काम ऐरोली. चेंदणीकर, तुमच्या समितीला माझा निरोप सांगा की तारेला पक्कड लावू नका.

त्या तारेमागचं काम असं होतं. रायफलीच्या तोंडाला लोखंडी पेला अडकवायचा, त्याला डिस्चार्जर कप म्हणत. त्यात ३६ नंबरचा मिल्स बॉम्ब बसायचा, त्याच्या बुडाला पेल्याच्या मापाची चकती लावलेली. रायफलीत गोळी नसलेलं खास काडतूस, बॅलिस्टाइटचं. चाप ओढला की नुसत्या गॅसच्या जोरावर बॉम्ब ऐंशी ते दोनशे यार्ड जायचा. हाताने एवढ्या लांब कोण फेकणार? म्हणून तर हा खटाटोप.

आता हिशेब करा. थ्री-नॉट-थ्रीची गोळी साधारण ११ ग्रॅमची. मिल्स बॉम्ब पाऊण किलोच्या वर. धक्का इतका जबर की रायफल खांद्याला लावायची सोय नाही, बट जमिनीला टेकवूनच मारायची. असे बार होत राहिले की लाकूड उभं फाटतं आणि बॅरलवरही भलता ताण येतो. तारेची दोन कामं. लाकूड आवळून धरायचं, आणि कधी बॅरल फुटलीच तर तुकडे जवानाच्या हातात-तोंडात न जाता तिथल्या तिथे अडकायचे. क्रिकेटच्या बॅटला दोरा गुंडाळतात तसंच, फक्त इथे प्रश्न जिवाचा.

अशी रायफल एकदा या कामाला लावली की पुन्हा नेमबाजीला देत नसत. म्हणूनही तार हवी. कोतात, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, अंधुक उजेडात रायफल उचलली तरी हाताला समजायचं, ही बॉम्बवाली, ही नेहमीच्या गोळीला नको. अशा रायफलींवर बऱ्याचदा ईवाय ही अक्षरं ठोकलेली सापडतात. बघा आहेत का.

आडव्या स्क्रूबद्दल. गोळी सुटली की बॉडी मागे ढकलली जाते आणि तो सगळा जोर फोरएंडच्या, म्हणजे बॅरलखालच्या, लाकडात मागच्या दोन खांद्यांवर येतो. आपल्या हवेत लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, वर वर्षानुवर्षं तेल पिऊन मऊ पडतं. मग चीर जाते. ती जायच्या आधीच दोन्ही भिंती स्क्रूने बांधून टाकायच्या, असा विचार. दिसायला किरकोळ आहे, पण हजारो रायफलींचं आयुष्य त्या एका स्क्रूने वाढवलं.

वागळे_लेथ

लेथवर आयुष्य गेलं, वागळे इस्टेटमध्ये छोटं वर्कशॉप आहे. रायफलींतलं कळत नाही, पण धातूतलं कळतं म्हणून विचारतो. तार कशाला? दोन लोखंडी कडी गरम करून चढवली असती तर गार झाल्यावर घट्ट आवळली असती. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचे तशी. काम झटपट, मजबूतही.

आणि कथील उच्च तापमानाला टिकत नाही. बार करून बॅरल तापली तर डाग सुटायला नकोत?

कोत_हवालदार

वागळे, प्रश्न कारागिराचा आहे, त्यामुळे नीट उत्तर देतो.

कडी चढवायची तर लाकूड सगळीकडे एका मापाचं लागतं. एसएमएलईचं लाकूड थेट तोंडापर्यंत जातं, पण ते निमुळतं आहे, मधे पट्टी आहे, वर हँडगार्ड वेगळा तुकडा. प्रत्येक रायफलीला कडी वेगळी घडवावी लागेल. तार कुठल्याही आकारावर बसते आणि युनिटच्या आर्मररला साध्या हत्यारांनी गुंडाळता येते. शिवाय तापलेलं कडं लाकडाला करपवणार.

कथलाचं म्हणाल तर बॉम्ब मारणारी रायफल मशीनगनसारखी धडाधड चालत नाही. एक बॉम्ब, मग पुढचा भरायचा, अंतर ठरवायचं. शिवाय तार लाकडावरून आहे, बॅरलवर थेट नाही. लाकूड उष्णता अडवतं. आणि डाग असे मधे मधे दिलेले असतात की एका जागी तार तुटली तरी सगळे वेढे उलगडू नयेत.

तुमच्या कामाची अजून एक गोष्ट सांगतो. ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखान्यात अक्रोडाऐवजी तिथलं देशी लाकूड वापरायला लागले. ते नरम. मी वर सांगितलेले ते मागचे खांदे दबायला लागले. त्यांनी तिथे तांब्याच्या छोट्या पट्ट्या बसवल्या. रायफल तीच आणि दुखणंही तेच. त्यांनी तांबं घातलं, आपण स्क्रू.

पोलीस_लाइन

माझे वडील पोलिसात होते. बालपण कल्याण आणि ठाण्याच्या लाइनीत गेलं. हवालदारकाका, तुमची पोस्ट वाचून मला "मस्कट" आठवली. वडील थ्री-नॉट-थ्रीला रायफल म्हणायचे आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या हत्याराला मस्कट. लांबून दोन्ही सारख्याच.

मोठेपणी मी मुद्दाम माहिती काढली. मस्कट म्हणजे ईशापूरने फेरफार केलेली एसएमएलई. आतली बॅरल ४१० बोअरची आणि आतून गुळगुळीत, गोळीला फिरकी देणारे आटे नाहीत. मॅगझिनची पेटी बाहेरून तशीच ठेवलेली, पण आत लाकडाचा ठोकळा भरलेला. एका वेळी एकच काडतूस, हाताने घालायचं. ते काडतूसही वेगळं. थ्री-नॉट-थ्रीच्या पितळी केसला जी मान असते ती नसलेलं, सरळ नळकांडं. बाजारात मिळणारं ४१० शॉटगनचं काडतूस त्यात बसायचं नाही.

ज्यांच्या हाती ते द्यायचं त्यांच्यावर सरकारचा किती विश्वास होता, हे त्या ठोकळ्यावरून कळतं. पहारेकरी, तुरुंगाचे शिपाई, जमावापुढे उभं राहायचं असे पोलीस. हत्यार हिसकावलं गेलं तर पळवणाऱ्याच्या हाती दहा गोळ्यांची लष्करी रायफल पडू नये, ही इंग्रजांची भीती. पण माझ्यासारखीला दुसरी बाजूही दिसते. त्याच ठोकळ्यामुळे आमच्या घरातला माणूस एका काडतुसाच्या भरवशावर रात्रभर पहाऱ्याला उभा राहायचा.

उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात थ्री-नॉट-थ्रीला रीतसर निरोप दिला, तेव्हा बातम्यांत बरंच कौतुक झालं. मस्कटीचं नावही कुणी घेतलं नाही. चेंदणीकर, तुमच्या चारांत एखादी मस्कट असेल तर तिच्याबद्दल दोन ओळी जास्त लिहा, ही विनंती.

चेंदणीकर

पोलीस_लाइन ताई, आमच्या चारांत मस्कट नाही. पण तुम्ही लिहिलंत ते छापील प्रतीत सगळ्यात वर जाणार.

ठोकळ्याच्या मागे जी भीती होती तिचंच दुसरं रूप आजही आपल्या देशात जिवंत आहे. लष्करी बोअर सामान्य माणसाच्या हातात नको, म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानात ३०३ वर खासगी बंदी घातली. मग शिकारीसाठी काय विकायचं? बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने तीच ली-एनफिल्डची बॉडी आणि तोच बोल्ट घेतला आणि बॅरल मात्र ३१५ बोअरची लावली. त्याचं काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या मॅन्लिकर रायफलीचं, ८ मिमी. लष्कराच्या साठ्यातून चोरलेली गोळी तिच्यात चालणार नाही आणि तिची गोळी लष्कराच्या उपयोगाची नाही, असा दुहेरी बंदोबस्त. इंग्रज गेले, तरी ३१५ ची स्पोर्टिंग रायफल ईशापूर बनवत राहिलं आणि शेती राखणारे लोक परवान्यावर तीच घेत आले. युरोपात ते काडतूस कधीच मागे पडलं. इथे एका जुन्या बंदीने ते जिवंत ठेवलं.

तलावपाळी

पहिलं महायुद्ध हा माझा वर्षानुवर्षांचा अभ्यासाचा विषय, त्यामुळे थोडं लांबलं तर चालवून घ्या. कारखान्यात झालेल्या फेरफारांवर सगळे बोलताहेत. मला खंदकात जागेवर झालेल्या जुगाडाबद्दल लिहायचंय.

१९१५, तुर्कस्तानातलं गॅलिपोली. अ‍ॅन्झॅकच्या (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैन्याच्या) टेकड्यांवर तुर्की खंदक काही ठिकाणी अगदी हाकेच्या अंतरावर. डोकं वर काढलं की गोळी. मे महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या बटालियनमधल्या लान्स कॉर्पोरल विल्यम बीचने लाकडी पट्ट्यांची चौकट बनवली. रायफल वर खंदकाच्या काठावर, चौकटीत दोन आरसे, एक वर साइटच्या रेषेत आणि एक खाली डोळ्यासमोर. चापाला दोरी. माणूस खंदकाच्या तळाशी सुरक्षित आणि नेम वरून. बोल्ट मागे-पुढे करायला मात्र दर वेळी रायफल खाली ओढावी लागे. वरिष्ठांना ते इतकं पटलं की किनाऱ्यावरच त्या चौकटी बनवायचं काम सुरू केलं.

त्याच वर्षी डिसेंबरात माघार ठरली. हजारो माणसं रात्रीतून गुपचूप जहाजांवर चढवायची, आणि शत्रूला वाटलं पाहिजे की खंदक भरलेले आहेत. सातव्या बटालियनच्या विल्यम स्करीने दोन डबे वापरले. वरच्यातून पाणी ठिबकत खालच्यात पडायचं, खालचा डबा चापाला बांधलेला. पुरेसं वजन झालं की चाप ओढला जाऊन बार. माणसं निघून गेल्यावरही खंदकातून अधूनमधून गोळीबार चालूच राहिला. अ‍ॅन्झॅक आणि सुवला इथली माघार जवळजवळ रक्त न सांडता पार पडली. त्यामागे इतरही पुष्कळ आखणी होती, पण त्या डब्यांचा वाटा मोठा.

हे इथे सांगायचं कारण म्हणजे गॅलिपोलीत आपलीही माणसं होती. २९ वी इंडियन ब्रिगेड, त्यात १४ वी शीख पलटण आणि गुरखा पलटणी. शिवाय डोंगरी तोफखाना आणि खेचरांच्या तुकड्या, ज्यांनी त्या चढांवर पाणी आणि दारूगोळा वाहिला. ४ जून १९१५ च्या एका हल्ल्यात १४ व्या शीख पलटणीची जवळजवळ वाताहत झाली. आरशांची चौकट आणि ठिबकणारे डबे सगळ्यांना माहीत असतात, ही नावं मात्र नाहीत.

दुसऱ्या महायुद्धातली न्यूझीलंडची चार्लटन रायफल तर फेरफाराची कमाल आहे. १९४१ मध्ये जपानी हल्ल्याची धास्ती, ब्रेन मशीनगनी सगळ्या युरोप-आफ्रिकेकडे गेलेल्या. फिलिप चार्लटनने कालबाह्य ली-मेटफर्ड आणि लांब ली-एनफिल्ड रायफली घेऊन त्यांची आपोआप चालणारी हलकी मशीनगन केली. गॅसच्या जोरावर बोल्ट आपणच मागे जाईल अशी दांड्यांची रचना, बॅरलवर उष्णता घालवायला पाती. सुमारे १,५०० रायफलींचा असा कायापालट झाला. युद्धानंतर ज्या गोदामात त्या ठेवल्या होत्या त्याला आग लागली आणि बहुतेक सगळ्या जळाल्या. आज हातावर मोजण्याइतक्या उरल्यात.

अमेरिकेने उलट केलं. १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीत बोल्ट काढून त्या जागी पेडर्सन नावाचं यंत्र बसवायचं, की तीच रायफल पिस्तुलाएवढ्या ४० गोळ्या भराभर झाडणार. ६५,००० यंत्रं बनली, पहिलं महायुद्ध संपलं, आणि १९३१ मध्ये ती गुप्तता राखत नष्ट केली. मागे राहिलं ते त्या रायफलींच्या डाव्या बाजूला रिकामी केसं बाहेर पडायला कापलेलं लंबगोल भोक. अमेरिकेतल्या एखाद्या शाळेच्या समितीने ते भोक बुजवलं असतं तर?

खारघर_टेकडी

सगळं वाचलं, माहिती अप्रतिम आहे. पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कपाट शाळेतल्या मुलांसाठी आहे, अभ्यासकांसाठी नाही. गंजकी तार आणि वेल्डिंगचा गोळा बघून आठवीतल्या मुलाला भंगारच आठवणार. रायफल तिच्या जवानीत दिसायची तशी, तेल लावलेलं लाकूड आणि झळाळतं पितळ अशी दिसली तर मूल थांबून बघेल. गड-किल्ल्यांची डागडुजी करताना आपण पडलेली तटबंदी उभी करतोच ना? मग इथेच नको का?

कोत_हवालदार

खारघर, तुमची कळकळ समजते, पण ही रायफल "जवानीत" कशी होती ते आधी ठरवा. तार गुंडाळलेलीची जवानी तारेसकटच गेली. आर्मररने तार लावली ती रायफल नोकरीत असताना. ती काढली तर नोकरीचाच पुरावा गेला. आणि खाली नवंकोरं लाकूड मिळेल असं समजू नका. वेढ्यांचे वळ असतील, बहुधा चीरही.

झळाळीचं म्हणाल तर सैन्यातल्या रायफलीला झळाळी असूच नये, उन्हात चमकली की जागा कळते. लाकडाला जवसाचं तेल, लोखंडाला काळपट फिनिश. वार्निश कुणीही लावत नव्हतं.

वेल्डिंग आणि भोक यांना तर हात लावूच नका. हा सुरक्षेचा प्रश्न आहे. रायफल डीपी होते ती सहसा काही दोष निघाला म्हणूनच. बॅरल झिजलेली, बॉडी थकलेली. भोक बुजवून, रंग काढून तिला "चांगली" दिसू दिलं तर पुढेमागे कुणाला तरी ती चांगली वाटेल. पांढरा पट्टा हा इशारा आहे, तो राहू द्या.

चेंदणीकर

खारघर_टेकडी, मुलाने थांबून बघावं हे अगदी मान्य. पण चार सारख्या चकचकीत रायफलींपुढून मूल दोन सेकंदांत पुढे जाईल. एकीवर तार, एकीला आडवा स्क्रू, एकीला लाकडाचं ठिगळ, एकीला भोक असं असेल आणि शेजारी "का?" एवढंच लिहिलेलं असेल तर ते काचेला नाक लावून बघत बसेल. मी माझ्या भाचीला फक्त तारेचा फोटो दाखवला. तिने विचारलं, "ही बांधली कुणी?" मला त्या कपाटातून हाच प्रश्न यायला हवाय.

नौपाडा_ते_ओस्लो

जन्म नौपाड्यातला, नोकरी नॉर्वेत. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा जर्मनांनी इथे त्यांच्या कार ९८के या रायफलींचे ढीग मागे सोडले. नॉर्वेने त्या फेकल्या नाहीत. पुष्कळशा रायफलींना अमेरिकन ३०-०६ काडतुसाची नवी बॅरल लावली. ते काडतूस मूळच्या जर्मन काडतुसापेक्षा लांब, म्हणून आत सरकायला जागा व्हावी यासाठी बॉडीच्या पुढच्या कडेला छोटी चंद्रकोरीसारखी खाच घेतली. वर नाझी गरुडाचा शिक्का, शेजारी नॉर्वेच्या सैन्याचा. इस्रायलनेही त्याच जातीच्या रायफलींना पुढे ७.६२ ची बॅरल लावली आणि तो आकडा ठळक ठोकला. ज्या सैन्यासाठी ती रायफल घडली आणि जे लोक शेवटी ती घेऊन उभे राहिले, त्यांचे शिक्के एकाच लोखंडावर.

जपानी अरिसाकावर उलटं दिसतं. तिच्यावर सम्राटाचं सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल असायचं. शरणागतीनंतर ज्या रायफली ताब्यात गेल्या त्यातल्या बहुतेकींवरचं फूल कानशीने घासून टाकलेलं. काहींवर नुसत्या छिन्नीच्या आडव्या रेघा. फूल शाबूत असलेली रायफल दुर्मीळ म्हणून तिला भाव जास्त येतो, पण मला घासलेलीच जास्त बोलकी वाटते.

स्वित्झर्लंडच्या के३१ रायफलीचं बटप्लेट उघडलं तर आत कधी कधी ज्या सैनिकाला ती दिली होती त्याच्या नावाची चिठ्ठी सापडते. चेंदणीकर, तुमच्या रायफलींच्या बटमध्येही पितळी झाकण असेल, आत तेलाची बाटली आणि पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) ठेवायचा खण. बघितलात का?

बेलापूर_वकील

एक कायद्याची सूचना, कारण धागा बरेच जण वाचताहेत. ३०३ हे आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे. शस्त्र कायदा १९५९ खाली ते सामान्य परवान्यावर मिळत नाही, आणि शोभेसाठी म्हणून कुणी ऑनलाइन किंवा जुन्या बाजारात "निकामी" रायफल विकत असेल तर घेऊ नका. शाळेतल्या रायफली बटालियनच्या आहेत. त्यांच्यावर पॉलिश पेपर चालवायचा तरी बटालियनची लेखी परवानगी लागेल. चेंदणीकर, समितीपुढे हा मुद्दा सर्वात आधी मांडा.

कॅडेट_२२

मी अजून एनसीसीत आहे. पॉइंट २२ वर फायरिंग केलंय, डीपीवर "बाजू शस्त्र" करून खांदा दुखवून घेतलाय, पण इतक्या वर्षांत तिच्याकडे असं बघितलं नव्हतं. आज परेडनंतर आमच्या डीपीचा बोल्ट बघितला. त्याच्या दांड्यावर एक नंबर रेघ मारून खोडलाय आणि शेजारी दुसरा ठोकलाय. बॉडीवरच्या नंबराशी दुसरा जुळतो. बॉडीच्या कडेला एफटीआर आणि एक वर्ष आहे. हे काय असतं?

कोत_हवालदार

शाब्बास बेटा. एफटीआर म्हणजे फॅक्टरी थरो रिपेअर. रायफल पूर्ण खोलून, प्रत्येक भाग मापून, झिजलेला बदलून पुन्हा जोडली. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा घेतला असेल, तो या बॉडीला नीट बसतो याची खात्री केली आणि मग नंबर जुळवला. बोल्ट कधीच असाच इकडचा तिकडे लावत नाहीत. मागे गोळीचा दाब तो सांभाळतो, बसणूक चुकली तर केस फुटते. तो खोडलेला नंबर कुठल्या तरी दुसऱ्या रायफलीचा आहे. तोही लिहून ठेव.

चेंदणीकर

सर्वांचे आभार. वकीलसाहेबांचा मुद्दा मी मुख्याध्यापिकाबाईंना फोनवर सांगितला. पॉलिशचं काम त्यांनी बटालियनचं उत्तर येईपर्यंत थांबवलंय.

रविवारी सकाळी आम्ही एनसीसी अधिकाऱ्यांसमोर चारही रायफलींची नोंद करणार आहोत. प्रत्येक शिक्क्याचा फोटो, सोबत पट्टी ठेवून. उजेड तिरका हवा, म्हणजे पुसट अक्षरं उठून दिसतात. शिक्क्यांत खडू भरायचा नाही, ब्रासो आणायचं नाही. पितळी झाकणं हवालदारसाहेबच उघडतील. तारेचे वेढे मोजायचे, जाडी मोजायची, डागांची जागा कागदावर काढायची. वागळे, तुमच्याकडे व्हर्निअर असेल तर घेऊन याल का?

वागळे_लेथ

व्हर्निअर आणतो, तारेसाठी मायक्रोमीटरही आणतो. साडेनऊला शाळेच्या फाटकाशी.

पोलीस_लाइन

मीही येते. वडिलांच्या ट्रंकेत मस्कटीचं एक रिकामं पितळी केस होतं, ते आम्ही तेव्हाच पोलीस ठाण्यात जमा केलं होतं. त्याचा फोटो मात्र आहे. कपाटात लावता आला तर तो देते.